हरिश्चंद्रगड, एसटीने: हजार रुपयांत दोन दिवसांचा ट्रेक कसा आखायचा

खिशात हजार-बाराशे रुपये आहेत, शनिवार-रविवार मोकळा आहे आणि डोंगरात जायचंय. एवढ्यात हरिश्चंद्रगड व्यवस्थित होतो. शिवाय एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं, आणि स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला हे जमत नाही. त्याला गाडीपायी परत त्याच गावात यावं लागतं. एसटीने जाणारा माणूस माळशेजच्या बाजूने खिरेश्वरहून चढतो, पलीकडे पाचनईला उतरतो आणि कसाऱ्याहून लोकल धरून घरी येतो. एक अख्खा डोंगर ओलांडून येतो. कमी पैशात जास्त ट्रेक होतो तो असा.

मी कल्याणला एका पतपेढीत कॅशियर आहे. सोसायटीतली, ऑफिसातली, त्यांच्या ओळखीची मुलंमुली जमवून डोंगरात घेऊन जाते. त्यात कॉलेजात शिकणारी असतात, पहिली नोकरी लागलेली असतात, घरखर्चातून पैसे बाजूला काढून येणाऱ्या बायका असतात. या सगळ्यांसाठी मी हिशेब मांडते तेव्हा किती पैसे गेले याच्याइतकंच ते कुठे गेले हेही बघते. काटकसर करायची ती घरापासून एसटी स्टँडपर्यंत. गावात पोचल्यावर हात आखडायचा नाही. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी गाडी, मग तारीख

बहुतेक लोक तारीख ठरवतात, ग्रुप काढतात आणि शेवटी जायचं कशाने ते बघतात. मग उशीर झालेला असतो, गाडी भाड्याने ठरते आणि निम्मं बजेट तिथेच संपतं. उलटं करा. आधी एसटीच्या वेळा मिळवा.

कल्याणहून मुरबाड, माळशेज घाटमार्गे आळेफाटा, जुन्नर, नगरकडे जाणाऱ्या गाड्या खुबी फाट्यावरून जातात. घाट चढून वर आलं की थोड्याच वेळात हा फाटा येतो. पहाटेची गाडी धरायची. स्टँडच्या परिसरात कामं चालू असली की गाड्या सुटायची जागा बदलते, म्हणून आदल्या दिवशी आगारात जाऊन विचारून यायचं. फोनवर उत्तर मिळेलच असं नाही, चौकशीच्या खिडकीवर मिळतं. विचारताना 'माळशेजला जायला गाडी आहे का' असं विचारू नका. 'आळेफाट्याची पहिली साधी गाडी किती वाजता, आणि ती खुबी फाट्याला थांबते ना?' असं विचारा. साधी म्हणण्याला महत्त्व आहे, कारण निमआराम गाडीला त्याच रस्त्याचे जास्त पैसे पडतात आणि घाटात दोन्ही सारख्याच चालतात.

भाडं घरबसल्या काढता येतं. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण १० रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरला ६ ने भागा आणि १० ने गुणा. कल्याण ते खुबी फाटा शंभर किलोमीटरच्या आसपास धरलं तर १७० रुपये. बायकांना मार्च २०२३ पासून सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे, म्हणजे ८५. पासष्ट वर्षांवरच्यांनाही निम्मं, पंच्याहत्तरीच्या पुढे पूर्ण मोफत. आमच्यात एक निवृत्त शिक्षक येतात, त्यांचा प्रवास तरुण पोरांपेक्षा स्वस्तात होतो. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ हवं. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास या ट्रेकला परवडत नाही. तो आठवडाभर फिरत राहणाऱ्यांसाठी आहे.

परतीचा भाग जास्त नाजूक आहे. पाचनईहून राजूर या जवळच्या मोठ्या गावाला जाणाऱ्या एसट्या मोजक्या. अशा गावांना बहुतेक एक मुक्कामी गाडी असते. ती संध्याकाळी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे ती परत निघते. बाकीच्या फेऱ्या शाळेच्या वेळेच्या. सुट्टीत शाळेची फेरी बंद असते हे लक्षात ठेवा. गडावरून दुपारी उतरणाऱ्याला या वेळा जुळल्या तर उत्तम, नाही तर जीप. म्हणून मी परतीच्या हिशेबात जीपच धरते आणि एसटी मिळाली तर पैसे उरले असं समजते. उलटं धरलं तर दुपारी चार वाजता पाचनईच्या पारावर बसून सगळ्यांना घासाघीस करावी लागते, आणि अशा वेळी घासाघीस करणं मला पटत नाही. तो माणूस रिकामी जीप घेऊन परत येणार असतो.

किती जण

पाच ते आठ. चारच्या खाली आलात की जीपचा भार प्रत्येकावर वाढतो. दहाच्या वर गेलात की एसटीत एकत्र जागा मिळत नाही, चढताना शेपूट लांबतं आणि शेवटचा माणूस डोळ्याआड होतो. सहा जण हा माझा आवडता आकडा. जीपमध्ये सुखाने मावतात, एका घरी जेवायला सांगता येतं आणि चुलीवर भाकऱ्या थापणारीला धाप लागत नाही.

पैसे निघायच्या आधी गोळा करा. यात संकोच नको. प्रत्येकाकडून १,३०० घ्यायचे, त्यातले ३०० वेगळ्या पाकिटात. ते पाकीट पाय मुरगळला, गाडी चुकली, वाटेत मुक्काम वाढला तरच उघडायचं. उरले की परत. खर्च करणारा माणूस एकच असावा आणि लिहिणारा दुसरा असावा. आमच्या पतपेढीत जसं व्हाउचर एकाने केलं की दुसरा तपासतो तसंच. पैशावरून मैत्रीत जी आंबट चव येते ती बहुतेक वेळा लिहून न ठेवल्यामुळे येते.

सुटे पैसे घ्या. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. एसटीत आता मोबाइलने पैसे देता येतात, पण गडावर आणि पाचनईत रेंजचा भरवसा नाही. चहावाल्या मावशीसमोर सहा जणांनी पाचशेच्या नोटा धरल्या तर ती सुटे आणणार कुठून?

हिशेब

एका माणसाचा, कल्याणपासून कल्याणपर्यंतचा. एसटी खुबी फाट्यापर्यंत १७०. फाट्यापासून खिरेश्वर चालत, शून्य. खिरेश्वरला पोहे-चहा ५०. वनखात्याचं प्रवेश शुल्क आणि किरकोळ मिळून ५०. दुपारचं जेवण घरून नेलेलं. रात्री गडावर थाळी, तिला मी २०० धरते. सकाळी चहा-नाश्ता ६०. दुपारी पाचनईत जेवण १८०. पाचनई ते राजूर जीप, सहा जणांत वाटून १५०. राजूर ते कसारा एसटी, घोटीला गाडी बदलून किंवा सरळ, १४०. कसारा ते कल्याण लोकल २०. बेरीज १,०२०. बाईमाणसाला एसटीचे निम्मे झाले की ८६५ च्या आसपास. थाळी, नाश्ता, जीप हे माझे अंदाज आहेत, हंगामाप्रमाणे पाच-पन्नास रुपये इकडेतिकडे होतील.

आता यातले खिरेश्वर, गड आणि पाचनईत किती गेले ते मोजा. नाश्ते, दोन जेवणं, जीप मिळून ६४०. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा डोंगराच्या पायथ्याच्या घरांत गेला. जाहिरातींत याच ट्रेकचे माणशी दीड-दोन हजार लावलेले दिसतात. त्यातले किती पाचनईत पोचतात हे आपण विचारत नाही. स्वतः आखणी केली की ते आपल्या हातात राहतं. मला ट्रेक स्वस्त करण्यात रस आहे तो यासाठी. वाचलेला पैसा शहराच्या वाट्याचा असावा, भाकरी थापणाऱ्या बाईच्या वाट्याचा नसावा.

तंबू भाड्याने घेतलात तर माणशी ३०० वर धरा. पहिल्याच वेळी जाताना गावातला वाटाड्या घेतलात तर त्याचे पैसे सगळ्यांत वाटून धरा आणि रक्कम निघायच्या आधी मोकळेपणाने बोलून घ्या. पावसाळ्यात किंवा धुक्याच्या दिवसांत वाटाड्याचा खर्च टाळू नये, बजेट कितीही घट्ट असो.

काय घ्यायचं, काय विकत आणायचं नाही

पहिल्या ट्रेकला पाच-सहा हजारांची खरेदी करणारे खूप भेटतात. त्यातली निम्मी सॅक पुढे माळ्यावर पडते. एकच वस्तू खरोखर विकत घ्या, ती म्हणजे बूट. सह्याद्रीचा कातळ आणि त्यावरचा बारीक मुरूम यावर पळण्याचे गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, विशेषतः उतरताना. रबरी, खोल खाचांच्या तळाचे बूट हवेत. आपल्याकडचे बरेच ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग बूट वापरतात. महाग विदेशी बुटांपेक्षा ते खूप स्वस्त पडतात आणि कातळावर चांगली पकड धरतात. नवे बूट थेट गडावर नेऊ नका. आधी आठ दिवस भाजी आणायला, ऑफिसला घालून फिरा.

बाकी सगळं घरात असतं. कॉलेजची सॅक चालते, पट्टे मजबूत असले म्हणजे झालं. सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत भरा. पावसात बाहेरचं कव्हर उडून जातं, आतली पिशवी सामान कोरडं ठेवते. तळाला चादर-स्वेटर, त्यावर कपडे, पाठीला चिकटून पाण्याची जड बाटली आणि सगळ्यात वर खाऊ, टॉर्च, औषधं. जड वस्तू पाठीपासून लांब बांधली की खांदे मागे ओढले जातात आणि चढावरच्या तोलार खिंडीपर्यंतच माणूस दमतो.

अंथरायला जुना फ्लेक्स मिळवा. वाढदिवसाचे, सप्ताहाचे, दुकानांच्या उद्घाटनाचे फ्लेक्स चार दिवसांनी कुणाला नको असतात. मागा, लोक आनंदाने देतात. एका मोठ्या फ्लेक्सवर सहा जण झोपतात आणि खालची ओल वर येत नाही. त्यावर चटई किंवा सतरंजी, अंगावर घरातली जाड चादर, आत स्वेटर आणि कानटोपी. डिसेंबर-जानेवारीत मात्र गडावर थंडी कडक असते, तेव्हा एका चादरीवर भागत नाही. गोधडी घ्या, किंवा कुणाची स्लीपिंग बॅग दोन दिवसांसाठी मागून आणा. उसनी वस्तू धुऊन, वाळवून, वेळेत परत केली की पुढच्या वेळी न मागता मिळते.

टॉर्च प्रत्येकाचा वेगळा. मोबाइलचा उजेड धरायचा नाही, कारण रात्री मोबाइलची बॅटरी घरी फोन लावायला लागते. डोक्याला बांधायचा स्वस्तातला टॉर्च आणि जादा सेल. उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

स्टोव्ह, भांडी, शिधा नेऊ नका. हे ऐकून काहींना आश्चर्य वाटतं, कारण स्वतः शिजवणं स्वस्त अशी समजूत आहे. हिशेब करून बघा. स्टोव्ह आणि इंधन, टोप, तांदूळ, तेल, मसाले आणि भांडी घासायला लागणारं पाणी, असं सगळं मिळून चार-पाच किलो ओझं होतं. उन्हाळ्याकडे गडावरचं पाणी आटत आलेलं असताना तुम्ही त्यात तेलकट टोप घासणार. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे लाकडं तोडून चूल मांडणं चालत नाही. त्यापेक्षा गडावर गावातल्या लोकांच्या झापांमध्ये, म्हणजे खोपटांत, गरम पिठलं-भाकरी, भात, ठेचा मिळतो तो खा.

घरून न्यायचं ते पहिल्या दुपारचं जेवण आणि वाटेतला खाऊ. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी आणि गूळ. थालीपिठंही चालतात. खिशात गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याची चिक्की. काकडी घ्या, तहान भागवते आणि पोटालाही आधार देते. लिंबू, मीठ, साखर एका डबीत. पाणी प्रत्येकी ३ लिटर, खिरेश्वरहूनच भरून. पावसाळा सरला की तोलार खिंडीच्या चढावर पाण्याचा भरवसा नसतो. त्यापुढेही पठारावर ऊन डोक्यावर असतं.

पहिला दिवस

पहाटेची गाडी साधारण तीन तासांत खुबी फाट्यावर सोडते. उतरलं की समोर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी. धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरकडे रस्ता जातो, पाचेक किलोमीटर. जीप मिळते, पण ही वाट चालाच. एका हाताला पाणी, समोर डोंगर, आणि पाय चालते झालेले असतात. थेट जीपमधून उतरून चढाला लागणाऱ्यांचे पाय पहिल्या तासात आखडतात.

खिरेश्वरला चहा-पोहे सांगा आणि ते होईपर्यंत नागेश्वराचं देऊळ बघून या. छोटं दगडी देऊळ आहे, छतावरचं कोरीव काम मान वर करून निवांत बघण्यासारखं. गडावर जाणारे बहुतेक जण ते न बघताच पुढे जातात. त्याला पैसे पडत नाहीत, वीस मिनिटं पडतात.

ज्या घरी नाश्ता केला तिथेच तीन गोष्टी विचारायच्या. गडावर सध्या पाणी कुठल्या टाक्यात आहे. मुक्कामाला परवानगी आहे का, कारण वनखात्याचे नियम बदलतात. आणि पाचनईत जेवणाची, जीपची सोय कुणाकडे होईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक असं येतं: 'ताई, माझा मेव्हणा हाय तिकडं, फोन लावून देतो.' हा एक फोन म्हणजे तुमचं परतीचं बुकिंग. गडावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून इथेच करून घ्या. किती जण, किती वाजता उतरणार, जेवायला काय, जीपचे किती, सगळं बोलून टाका आणि वहीत लिहा. घरी एक फोन करून कुठल्या वाटेने चढतोय, कुठे उतरतोय आणि उद्या किती वाजेपर्यंत फोन येईल तेही सांगा. ११२ तर माहीत असतोच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही घरून निघतानाच कागदावर लिहून ठेवा.

खिरेश्वर ते तोलार खिंड दीड-दोन तास, रानातून. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे, तिथे सगळ्यांनी एकत्र जमायचं. कारण इथे वाट फुटते. सरळ पलीकडे उतरणारी वाट कोथळ्याकडे जाते, गडावर जायचं तर डावीकडे वळून कातळाला भिडायचं. कातळावर रेलिंग लावलेलं आहे. त्याला धरून, एकेकाने, मध्ये अंतर ठेवून चढा. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या अंगावर येऊ नये. सॅकला बाहेर लोंबकळणारं काही नको, रेलिंगमध्ये अडकतं.

कातळ संपला की लोकांना वाटतं गड आला. गड अजून दोन-अडीच तास आहे. इथून टेकाडांमागून टेकाडं चढ-उतार करत वाट जाते आणि धुकं असलं की चुकायची जागा हीच. खडकांवर रंगवलेले बाण बघत चला. बराच वेळ बाण दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या बाणापाशी परत या. दशम्या खायला कातळाच्या वरची पहिली सावली चांगली.

दुपारी तीन-साडेतीनला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचायला हवं. पोचल्याबरोबर रात्रीच्या जेवणाचं सांगून टाका, किती थाळ्या ते नक्की सांगा. जागा बघून फ्लेक्स अंथरून घ्या. गुहा मिळाली तर ठीक. शनिवारी गर्दी असते, म्हणून शुक्रवार-शनिवार जमत असेल तर तसं जा. मुक्काम बंद असेल तर उजेड असेपर्यंत पाचनईला उतरून कुणाच्या ओसरीवर राहायचं, त्याची तयारी मनात ठेवूनच वर या.

मग कोकणकडा. देवळापासून अर्धा-पाऊण तास, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. कडा आत वळलेला आहे, म्हणजे तुम्ही ज्या खडकावर उभे आहात त्याच्या खाली पोकळी आहे. म्हणून कडेला उभं राहायचं नाही. दहा पावलं मागेच सॅक टाकायची, पोटावर झोपून पुढे सरकायचं आणि कुणीतरी पाय धरायचे. खालचा वारा तोंडावर येतो तेव्हा कळतं की केवढी खोली आहे. सकाळच्या उन्हात खाली ढग भरलेले असले तर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते योग असेल तर दिसतं, त्यासाठी काठावर धावू नका. अंधार पडल्यावर टॉर्च लावून, रांगेत, शेवटी जाणता माणूस ठेवून परत देवळापाशी.

दुसरा दिवस

पहाटे ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी तारामती शिखरावर जाऊन यावं. बाकीच्यांनी केदारेश्वर. ही गुहा घाईत बघू नका. आत मोठं शिवलिंग आहे, भोवती कंबरेइतकं पाणी. चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे, बाकी तुटलेले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, मग छताची रेघ आणि खांब उमटायला लागतात. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणारे असतात, पाणी हिवाळ्यात हाडं गोठवतं. उतरलात तर पाय घासत चाला, तळ निसरडा असतो. साबण नाही, नाणी नाहीत. पुष्करणीतही हात-पाय धुवायला उतरू नका. पिण्याचं पाणी कुठलं ते झापवाल्याला विचारून तेवढंच भरा.

नाश्ता करून दहाच्या आत निघा. पाचनईची वाट आखूड, दोन-अडीच तासांची. ओढ्याच्या काठाने, मग उंच कातळकड्याच्या पोटाखालून जाते. काही ठिकाणी रेलिंग आहे. उतारावर गुडघे दुखतात ते पावलं मोठी टाकल्याने. छोटी पावलं, बूट घट्ट बांधलेले, बोटं पुढे आपटू न देता. गडावरचा आपला कचरा आणि वाटेत दिसेल तो जमेल तेवढा एका पिशवीत घालून खाली आणायचा. तो पाचनईत टाकायचा नाही, कसाऱ्यापर्यंत न्यायचा. गावात कचरा उचलणारी गाडी येत नाही.

पाचनईत जेवण तयार असतं, कालचा फोन त्यासाठीच होता. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं किंवा कालवण, इथल्याच खाचरातला भात. ताटात टाकू नका, हवं तेवढंच मागा. पैसे देताना थाळ्या मोजून, जो दर ठरला तो पुरा द्या. आम्ही शेवटी ताक मागून घेतलं होतं, ते हिशेबात धरायला आमच्या पोराला सांगितलं. मावशी म्हणाली, 'ताकाचं कसलं पैसं?' आम्ही दिले. कुणाची गाय आणि कुणाचा चारा, फुकट का प्यायचं?

तांदूळ, नाचणी, मिळाला तर मध असं काही विकत घ्यायचं असेल तर शहरातल्या दुकानाऐवजी इथे घ्या. उरलेल्या पैशाचा हा सगळ्यात चांगला उपयोग.

दोनच्या सुमाराला जीप निघाली की तास-सव्वा तासात राजूर. राजूरहून भंडारदरा, बारीवरून घोटीकडे गाड्या जातात. सरळ कसाऱ्याची मिळाली तर बसा, नाही तर घोटीला उतरून पुढे इगतपुरी-कसारा. बारी आलं की खिडकीतून कळसूबाई बघा, १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. तिचाही हिशेब याच पद्धतीने मांडता येतो आणि तो याहून कमी खर्चाचा आहे, कारण एका दिवसात होते.

कसाऱ्याला लोकल रिकामी मिळते. पुढच्या स्टेशनांवर गर्दी व्हायच्या आत वही काढा आणि हिशेब तिथेच मिटवा. घरी जाऊन मिटवू म्हटलं की राहून जातो.

पुणे आणि नाशिककरांसाठी

पुण्याहून नारायणगावमार्गे आळेफाटा गाठा आणि तिथे कल्याणकडे जाणारी गाडी धरून ओतूर, मढ ओलांडून खुबी फाट्याला उतरा. परतीला पाचनईहून पुणं लांब पडतं, म्हणून पुणेकरांनी खिरेश्वरलाच उतरलेलं सोयीचं. नाशिककरांनी हा ट्रेक उलटा करावा: घोटी, राजूर, पाचनई करत चढायचं आणि त्याच वाटेने परत. वेळ असला तर दुसऱ्या दिवशी खिरेश्वरला उतरून आळेफाटा, संगमनेरवरून घरी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुललेली असते आणि गड सगळ्यात देखणा दिसतो, पण वाटा ओल्या असतात, त्यामुळे वाटाड्या घेऊन जा. जुलै-ऑगस्टात माळशेज घाटात दरडी येतात, गाड्या अडकतात आणि कातळावर पाणी वाहतं. नवख्यांना घेऊन मी त्या दिवसांत जात नाही. आणि कोकणकड्याच्या बाजूने चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचा विचार दोरखंडाचं शिक्षण घेतल्याशिवाय करू नका. तिथे खर्च कमी करायचं काही उरत नाही, तिथे अनुभवी माणूस सोबत लागतो.